विधवा कोणाला म्हणायचे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये कोरेगाव तालुक्यातल्या एका खडी क्रशरवर पट्ट्यात सापडून एक कामगार गेला. वय ३५, पगार महिना १४ हजार, तोही ठेकेदाराच्या हातून. त्याची बायको माझ्या आईच्या मावसबहिणीची मुलगी. मी तिला आपा म्हणतो. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून कोणाचेच नाव इथे लिहीत नाही.

दफनविधीनंतर चौथ्या दिवशी ठेकेदार घरी आला. मयताच्या थोरल्या भावाला दोन लाख रुपये दिले आणि शंभराच्या स्टॅम्पवर सही घेतली: नुकसानभरपाई मिळाली, आता कोणतीही तक्रार नाही. आपा आतल्या खोलीत इद्दतीत बसलेली. तिला कोणी विचारले नाही. महिन्याभराने तिने दिराला पैशांबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, "तुझा निकाह कुठल्या कागदावर आहे, दाखव."

कागद नव्हता. निकाह २०१६ साली सासरच्या घरातच लागला होता. दोन गवाह होते, मेहर ठरला होता, पन्नासेक माणसे जेवली होती. निकाह लावणारा मौलवी दोन वर्षांत गाव सोडून गेला. त्याचे रजिस्टर त्याच्याबरोबर गेले, की मुळात नव्हतेच, हे आता कोणालाच सांगता येत नाही. आधार कार्डावर आपाच्या नावापुढे आजही पहिल्या नवऱ्याचे नाव आहे. रेशनकार्डावर तिचे नाव माहेरी, तासगाव तालुक्यात. सरकारच्या दृष्टीने आठ वर्षांचा संसार झालाच नाही.

ही अडचण एकट्या आपाची असती तर मी ती वकिलाकडे नेली असती, संपादकीयात आणली नसती. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये अशी घरे किती, हे आपल्यातल्या प्रत्येकाला आतून ठाऊक आहे. दुसरा निकाह बहुतेक वेळा घरगुती लागतो. फारकत स्टॅम्पवर होते. पंचांच्या सह्या होतात, चहा होतो, आणि कागद कोणाच्या तरी ट्रंकेत जातो. सगळे सुरळीत असते तोवर कोणालाच त्याची गरज पडत नाही. पुरुष कामावर मेला की पहिल्यांदा कोणीतरी विचारतो, ही बाई त्याची कोण?

हा अपघात झाला तेव्हा लागू असलेला कायदा १९२३ चा. आधी त्याचे नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होते, नंतर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण आश्रित कोण याची चौकट जवळजवळ तशीच उचलली आहे. त्यामुळे इथे जे लिहितो आहे ते जुन्या अपघातांपुरते नाही.

या कायद्यात आश्रितांची यादी बंद आहे. पहिल्या गटात चार नाती: विधवा, अज्ञान औरस किंवा दत्तक मुलगा, अविवाहित औरस किंवा दत्तक मुलगी, आणि विधवा आई. यांना आपण मयताच्या कमाईवर जगत होतो हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. पुढच्या गटांत विधुर, वडील, अज्ञान भावंडे, विधवा सून वगैरे येतात. त्यांनी अवलंबून होतो हे दाखवायचे. याच शेवटच्या गटात अनौरस अज्ञान मुलगा आणि अनौरस अविवाहित मुलगी यांनाही जागा आहे. म्हणजे लग्नाबाहेरच्या मुलाचा विचार झाला. त्या मुलाच्या आईचा झाला नाही. मूल आश्रित ठरू शकते, त्याला वाढवणारी बाई नाही. आणि 'विधवा' या शब्दाची व्याख्या कायद्यात कुठेही नाही. ती ज्याच्या त्याच्या व्यक्तिगत कायद्यावर सोडलेली आहे.

पैशाचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. मासिक वेतनाची निम्मी रक्कम घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायची. ३५ व्या वर्षासाठी गुणक १९७.०६. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी २०२० पासून १५ हजारांपर्यंतच धरत. इथे १४ हजारांचे निम्मे सात हजार, गुणिले १९७.०६, म्हणजे १३ लाख ७९ हजार ४२० रुपये. महिन्याभरात रक्कम भरली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. थोरल्या दिराच्या हातात दोन लाख ठेवले गेले होते.

त्या दोन लाखांचे आणि त्या स्टॅम्पचे काय? मृत्यूच्या प्रकरणात मालकाने थेट घरी दिलेला पैसा नुकसानभरपाई म्हणून धरलाच जात नाही. रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. सूट फक्त एक: आश्रिताला तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल देता येते आणि ती नंतर वळती होते. दीर तर आश्रितही नव्हता, कारण सज्ञान भाऊ यादीत कुठेच नाही. हक्क सोडून देणारा करारही या कायद्याने रद्दबातल आहे. त्या स्टॅम्पवरची सही म्हणजे शंभर रुपयांचे नुकसान. ठेकेदार मधे आहे म्हणून मूळ मालकही सुटत नाही. त्याने आधी भरावे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावे, असे कलमच आहे. आणि अपघात साताऱ्यात झाला तरी अर्ज साताऱ्यातच करायला हवा असे नाही. आश्रित जिथे राहतो तिथल्या आयुक्तांकडेही करता येतो. आपा तासगावला माहेरी परतली होती, म्हणून आम्ही सांगलीत अर्ज केला. मुदत दोन वर्षांची असते. हे चार मुद्दे कळायला आम्हाला तीन महिने लागले. मी इंजिनिअर आहे, इंग्रजी कायदा वाचू शकतो, पुण्यात वकील मित्र आहेत. क्रशरवर पाट्या टाकणाऱ्याच्या घरात हे कोण सांगणार?

पैशाच्या हिशेबातली आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. रक्कम वय आणि वेतनावर ठरते, आश्रित किती यावर नाही. मयताला आई आहे, विधवा आई. त्याला आपाकडून झालेली सहा वर्षांची मुलगी आहे. म्हणजे आपा विधवा ठरो न ठरो, विमा कंपनीला तेवढेच पैसे भरायचे आहेत. तरीही विमा कंपनीच्या वकिलाचा पहिला आक्षेप तिच्या निकाहवरच होता. त्यात त्यांचा फायदा वेळकाढूपणापुरता. वाटणीत कोणाला किती, हे ठरवायचा अधिकार आयुक्तांचा. ते समान वाटू शकतात, कमीजास्त देऊ शकतात, सगळे एकालाही देऊ शकतात. त्यामुळे बाई यादीत आहे की नाही या प्रश्नावरची खरी लढत मालकाशी नसतेच. ती घरातल्या घरात असते, सासू आणि सुनेत, आणि ज्या जमातीने निकाह लावला तिच्या मौनाशी.

आता आपाची बाजू. परदेशात, विशेषतः अमेरिकेतल्या काही राज्यांत, कॉमन लॉ मॅरेज नावाची सोय आजही आहे. टेक्सासमध्ये तीन गोष्टी दाखवल्या की पुरे: आम्ही नवरा-बायको आहोत असे दोघांनी मानले, तसे एकत्र राहिलो, आणि लोकांना तसे सांगितले. कामावर माणूस मेला तर अशा जोडप्यातली बाईही विधवा म्हणून भरपाई मागते. समारंभ नाही, नोंदणी नाही. ज्या इंग्लंडातून हा शब्द निघाला तिथे १७५३ च्या हार्डविक कायद्याने ही वाट बंद झाली. आपल्याकडे कॉमन लॉ मॅरेज नावाचा कायदा नाही. पण मुस्लिम कायद्याने या बाबतीत कोणाकडून काही उसने घ्यायची गरज नाही, असे मला वाटते. निकाह हा करार आहे. इजाब, कबूल, एकच बैठक आणि हनफी मताप्रमाणे दोन गवाह. सातारा-सांगलीकडे आपण बहुतेक हनफीच. यात लिहिलेला कागद कुठेच अट म्हणून नाही. गवाह नसतील तर निकाह फासिद, म्हणजे अनियमित ठरतो, बातिल म्हणजे मुळातूनच रद्द नव्हे. दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून राहिलेल्यांचे लग्न झालेच आहे असे गृहीत धरावे, हे १८४४ साली प्रिव्ही कौन्सिलने एका मुस्लिम घराण्याच्याच खटल्यात म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बद्री प्रसाद प्रकरणात पन्नास वर्षांच्या सहजीवनाबद्दल हेच सांगितले: जो म्हणतो लग्न नव्हते, त्याने ते सिद्ध करावे.

मग अडले कुठे? या गृहीतकाला एक अट आहे. दोघांच्या लग्नात कायद्याचा अडथळा नसावा. बाईचा आधीचा नवरा हयात असेल आणि ते लग्न मोडलेले नसेल, तर कितीही वर्षांचे सहजीवन उपयोगाचे नाही. डी. वेलुसामी प्रकरणात ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या 'विवाहासदृश नात्या'ची तुलना कॉमन लॉ मॅरेजशीच केली. त्यातही चार कसोट्या ठरवताना एक अशी घातली की दोघेही लग्नाला पात्र, म्हणजे अविवाहित असले पाहिजेत.

आणि इथे आपली चळवळ या गोष्टीत येते.

आपाचा पहिला नवरा सांगलीत ट्रक चालवायचा. २०१४ साली फारकत झाली. स्टॅम्पच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'तलाकनामा' लिहिले आहे आणि मजकुरात 'तलाक' तीनदा आहे. विमा कंपनीच्या वकिलाने तो कागद आमच्याच कागदपत्रांतून उचलला आणि युक्तिवाद केला: एका बैठकीतला तिहेरी तलाक २२ ऑगस्ट २०१७ च्या शायरा बानो निकालाने असंवैधानिक ठरला आहे. त्याआधीही मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ साली दगडू पठाण प्रकरणात सांगितले होते की तलाक नुसता दिला म्हणून होत नाही. त्याला कारण हवे, आधी समेटाचा प्रयत्न हवा, आणि हे सगळे सिद्ध करावे लागते. त्याच वर्षी शमीम आरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले. म्हणून २०१४ चा तलाक झालाच नाही. म्हणून २०१६ चा निकाह नाही. म्हणून ही बाई विधवा नाही.

मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो. ज्या निकालांच्या बाजूने आपण पत्रके वाटली, ज्यांची नावे मी शिबिरांत फळ्यावर लिहिली, ती एकेक करून आपाच्या विरोधात वाचली जात होती. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तो या बाईसाठीच नव्हता का? मला हे मान्य करायलाच हवे की आपण तलाक 'अवैध' ठरवण्यावर जेवढी ताकद लावली, तेवढी त्यानंतरच्या प्रश्नावर लावली नाही. ज्या बायकांना त्याआधीच तलाक मिळून गेला, ज्यांनी पुन्हा निकाह केला, ज्यांना दुसऱ्या नवऱ्यापासून मुले झाली, त्यांचे पहिले लग्न आता 'कायम' आहे म्हणायचे का? नवऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. त्याला तर चार निकाहांची मुभा. पडलाच तर फरक बाईला. तिच्या बाबतीत 'तलाक झाला नाही' याचा अर्थ सुटका नसून दोर असा होतो.

याचा अर्थ ते निकाल चुकले असा नाही. कोणी हे वाचून 'पाहा, आता यांनाच पटले' असे म्हणू नये. चूक आपल्या कामात राहिली.

आमच्या वकीलबाईंनी उत्तर शोधले ते त्याच स्टॅम्पवर. डोक्यावर 'तलाकनामा' असले तरी आत एक ओळ आहे: दोघांचे पटत नसल्याने दोघे राजीखुशीने वेगळे होत आहेत. खाली दोघांच्या सह्या. मेहर फेडल्याचा उल्लेख. हा तलाक नाही, ही मुबारात आहे, परस्परसंमतीने फारकत. १९३७ च्या शरियत कायद्यात तलाक, खुला आणि मुबारात ही नावे स्वतंत्र दिलेली आहेत. तिहेरी तलाकबंदीचा मुबारातशी संबंध नाही. एका ओळीने आणि एका सहीने बाजू उभी राहिली. ती ओळ लिहिणाऱ्या स्टॅम्पवाल्याला मुबारात हा शब्दही ठाऊक नसणार. आणि किती कागदांवर ती ओळ नसेल, बाईची सही नसेल, याचा विचार मला अजून सोडत नाही.

दुसरा आधार ताजा आहे. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एन. उषा राणी प्रकरणात असा निर्णय दिला की पहिल्या नवऱ्याशी कोर्टाचा घटस्फोट झालेला नसला, नुसत्या समजुतीच्या कागदावर वेगळे झालेले असले, तरी दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी मागता येते. त्याला सगळे माहीत असताना त्याने तिच्याशी लग्न केले होते. तसेच २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातून गेलेल्या बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे प्रकरणातही, पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्याला 'ही माझी बायकोच नाही' म्हणू दिले नाही. (नाव बादशाह असले तरी पक्षकार हिंदू होते. व्हॉट्सअॅपवर हा निकाल भलत्याच मथळ्याखाली फिरतो, म्हणून सांगितले.) मुस्लिम कायद्यात २००८ चा चाँद पटेल निकाल आहे: अनियमित लग्नही सक्षम न्यायालय रद्द करीपर्यंत चालू असते आणि बाईला पोटगीचा हक्क राहतो. अडचण एवढीच की हे सगळे पोटगीचे निकाल आहेत. पोटगी देणारा नवरा जिवंत असतो, त्याला त्याचेच वागणे दाखवता येते. मेलेल्या माणसाच्या भरपाईत समोर तो नसतो. तिथे 'विधवा' हा एकच शब्द उभा असतो.

पोटगीसाठी जी बाई बायको आहे, ती भरपाईसाठी विधवा का नाही? आमची पहिली मागणी हीच. आश्रितांच्या व्याख्येत मृत्यूपर्यंत पत्नी म्हणून सोबत राहिलेल्या स्त्रीला जागा द्यावी आणि मुलांपुढची 'औरस' ही अट काढावी. कायद्याला एकापेक्षा जास्त विधवा चालत नाहीत असेही नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत विधवेला पूर्ण दराच्या तीन पंचमांश मिळतात, आणि दोन विधवा असतील तर तो हिस्सा दोघींत सारखा वाटावा असे नियमातच लिहिलेले आहे. बहुपत्नीत्वाला आपला विरोध आहे आणि राहील. पण पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाची शिक्षा दुसरीच्या पोटाला द्यायची, हा सुधारणेचा मार्ग नव्हे.

आता सासूबद्दल. तिचे वय सत्तरीच्या पुढे. विधवा आई म्हणून ती पहिल्या गटात आहेच. आपा यादीतून गेली तर वाटेकरी दोनच उरतात, ती आणि नात, आणि नात अज्ञान. थोरल्या मुलाने तिला तसे समजावलेही होते. साक्षीच्या दिवशी ती कोरेगावहून एसटीने आली. वकिलाने विचारले, ही कोण? ती म्हणाली, "बहू हाय मेरी." निकाह कोणी लावला? मौलवीने. नाव? आठवत नाही. कागद? तिने वकिलाकडेच पाहिले आणि विचारले, "तुमच्या आईच्या लग्नाचा कागद तुम्ही पाहिलाय का?" त्यावर कोर्टात थोडे हसू झाले. पण नातेवाईक एखाद्याला आयुष्यभर कोण म्हणून वागवत आले हा पुराव्याच्या कायद्याने मान्य केलेला पुरावा आहे, आणि स्वतःचे नुकसान करून दिलेली साक्ष सहसा खोटी नसते.

दुसरा पुरावा गावच्या जमातीच्या वहीतून मिळाला. प्रत्येक चुलीमागे दरवर्षी वर्गणी. २०१७ पासून त्या घराच्या दोन चुली लिहिलेल्या आहेत, थोरल्याची वेगळी आणि धाकट्याची वेगळी. धाकट्याच्या चुलीपुढे तीन वर्षे पावती आपाच्या नावाने, 'अमक्याची बायको' म्हणून. चिटणीस आधी वही द्यायला तयार नव्हते, घरच्या भांडणात जमात कशाला, म्हणून. दोनदा जाऊन बसलो तेव्हा दिली. ज्या जमातीकडे निकाहची वही नव्हती, तिच्याकडे वर्गणीची सोळा वर्षांची वही कोरी करकरीत होती. मला राग आला होता. आता वाटते, यातच मार्ग आहे. वही ठेवायची सवय आपल्याला आहे. फक्त कशाची ठेवायची ते बदलायचे.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने प्रत्येक लग्नाची नोंदणी सक्तीची आहे, मुस्लिमांच्याही. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका-महापालिकेत. नोंदणी नाही म्हणून लग्न अवैध होत नाही, पण बाईच्या हातात काही राहत नाही. 'दुसऱ्या निकाहची नोंदणी करतच नाहीत' असे सांगून परत पाठवले जाते, म्हणून एक निकाल लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या प्रकरणात स्पष्ट केले की या कायद्याखाली मुस्लिम पुरुषाचे एकाहून अधिक लग्न नोंदवायला नकार देता येत नाही. घटस्फोटितेचा निकाह हा तर त्याहून साधा विषय. आणि फारकत स्टॅम्पवर झालेली असेल तर कौटुंबिक न्यायालयाकडून, ते नसेल तिथे दिवाणी न्यायालयाकडून, लग्न संपल्याची घोषणा घ्या. नवरा सही देत नसेल, बेपत्ता असेल, दोन वर्षे पोसत नसेल, तर १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा बाईसाठीच केलेला आहे. तो आपण विसरूनच गेलो आहोत.

नोंदणी म्हटले की काही तरुणांच्या मनात उत्तराखंड येते, ते मी समजू शकतो. तिथे २७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी संहितेत एकत्र राहणाऱ्यांनी महिन्यात नोंद केली नाही तर तुरुंग आहे, आणि २१ च्या आतल्यांची खबर आईवडिलांना जाते. आम्ही मागतो ती नोंद बाईच्या हातातला कागद आहे, पोलिसांच्या हातातला नव्हे.

एक कबुली माझ्या धंद्यातली. मी ज्या कंपनीत आहे तिथे पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर बनते. त्यातला 'वारस' हा रकाना सहा वर्षांपूर्वी मीच लिहिला. एक नाव, नाते, टक्केवारी. तेव्हा मला वाटले होते, इथे नाव घातले की काम झाले. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालय १९८३ पासून सांगत आले आहे. डिसेंबर २०२३ चा त्याबद्दलचा निकाल तर कालनिर्णयकार साळगावकरांच्या इस्टेटीचा आहे, म्हणजे अगदी घरातल्या भिंतीवरचा. कामावरच्या मृत्यूच्या भरपाईत तर नामनिर्देशनाला काहीच स्थान नाही. आश्रितांची यादीच चालते. भविष्य निर्वाह निधीत स्थान आहे, पण कुटुंब असताना कुटुंबाबाहेरच्याचे नाव चालत नाही. तरीही नाव घालाच. 'पत्नी' म्हणून तुमच्या हाताने लिहिलेला तो रकाना उद्या तुमच्या बायकोच्या साक्षीला येईल. आपाच्या नवऱ्याच्या बाबतीत क्रशरवरच्या हजेरीच्या कार्डावर आपत्कालीन संपर्क म्हणून आपाचा मोबाईल नंबर आहे, नात्यापुढे 'घरची' लिहिलेले. वकीलबाईंनी तेही दाखल केले आहे.

पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. युक्तिवाद राहिले आहेत. थोरला दीर आता दोन लाखांतले एक लाख परत द्यायला तयार झाला आहे, कारण त्याला कळले की ती रक्कम भरपाईत धरलीच जाणार नाही आणि ठेकेदार ती त्याच्याकडे मागेल. गावच्या चिटणीसांचा परवा फोन आला. ते म्हणाले, निकाहच्या वहीचा छापील नमुना असेल तर पाठवा, मराठीत असला तर बरे, पोरांना उर्दू वाचता येत नाही. नवरा-नवरी, दोघांचे वली आणि गवाह यांच्या सह्या, आधारचे शेवटचे चार आकडे, आधीचे लग्न असल्यास ते कधी आणि कशाने संपले, असे रकाने आम्ही तयार केले आहेत. प्रत तीन: एक नवरीला, एक नवऱ्याला, एक जमातीला. ज्यांना आपल्या जमातीसाठी हवा असेल त्यांनी कळवावे.